मानाचे आठ बिल्ले

माझ्या नवऱ्याचा म्हाताऱ्या माणसांवर फार जीव होता. अट एवढीच, की ती मरून दोनशे वर्षं झालेली असावीत.

कोणे एके काळी सम्राटानं राज्यातल्या म्हाताऱ्यांना राजवाड्यात जेवायला बोलावलं आणि जाताना एकेकाच्या हातावर चांदीचा बिल्ला ठेवला. वय जितकं जास्त तितका बिल्ला जड. तळहाताएवढा, वर दोरी ओवायला भोक, दोन्ही कडांनी ड्रॅगन, आणि मधोमध अक्षरं: सम्राटाकडून, वृद्धांच्या पालनासाठी. असे अकरा बिल्ले जमवण्यात माझ्या नवऱ्यानं तीस वर्षं घातली. त्यातले खरे किती आणि कुणाच्या परसातल्या भट्टीत ओतलेले किती, यावर त्याच्या मित्रांची अजून जुंपते. मला विचाराल तर मला सगळे सारखेच दिसतात आणि सगळ्यांचा सारखाच राग येतो.

त्याचं नाव तान ल्येनशेंग. छांगदच्या कापडगिरणीत तो गाठी तोलायच्या काट्यावर होता आणि मी सूतखात्यात. आम्ही गिरणीतल्या बायका नवऱ्याला आडनावानंच हाक मारायचो, तशी मीही त्याला तान म्हणायची. गिरणी बंद पडली, घर तेवढं राहिलं: पाचवा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या. मोठी खोली बिल्ल्यांच्या कपाटाची. लहान खोली आमची. आणि गॅलरीला काचा लावून जी अर्धी खोली झाली होती, तिच्यात त्याची आई. वृद्धांच्या मानाला मोठी खोली आणि वृद्धेला गॅलरी, हे मी त्याला एकदा बोलून दाखवलं. तो म्हणाला, "गॅलरीत ऊन येतं. उन्हानं चांदी खराब होते." म्हणजे त्यानं विचार केला होता, फक्त चांदीच्या बाजूनं.

कपाटाला कुणी हात लावायचा नाही. मी फडकं घेऊन गेले तरी तो दारात उभा राहायचा. मुलगा लहान असताना त्यानं एकदा बिल्ला दोरीला बांधून गाडी केली होती. तान असा ओरडला, की त्या पोरानं दोन दिवस बापाचं तोंड बघितलं नाही. आणि एकदा, पंधरा वर्षं झाली असतील, त्याचे मित्र नवा बिल्ला बघायला जमले होते. सासूबाई स्वयंपाकघरात डुकराची चरबी वितळवत होत्या. एवढं काय आहे म्हणून त्या उठून आल्या आणि ड्रॅगनच्या शेपटीवर बोट ठेवलं. तान किंचाळला, "आई! हात!" चारचौघांत. मग तासभर कापसानं पुसत बसला. सासूबाईंनी बोट एप्रनला पुसलं आणि चरबी करपली म्हणत परत गेल्या. त्या खोलीत त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

तर हा तान गेल्या ऑगस्टमध्ये वारला. कुणीतरी कसलातरी बिल्ला दाखवतो म्हणाला म्हणून चांशाला गेला होता, तिथल्या बसस्टँडवर कोसळला. मी पोचेपर्यंत दवाखान्यात नेलं होतं. चार दिवस होता. वय एकाहत्तर. आमचा मुलगा ज्येनबो शेनझेनहून आला तेव्हा सगळं संपलं होतं.

दहन तिथंच उरकलं. परतीच्या गाडीत ज्येनबो म्हणाला, "आजीला सांगायचं नाही."

म्हाताऱ्या माणसाला मुलाच्या मरणाची बातमी द्यायची नाही, हे आमच्याकडे ठरलेलंच. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. सासूबाई त्र्याण्णवच्या, हृदय नाजूक, दोन वर्षांत जिना उतरलेल्या नाहीत. त्यांना वाचता येत नाही. फोनला त्या हात लावत नाहीत. बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही तर तो आपलाच माणूस हे कशावरून, असं त्यांचं म्हणणं. लपवायला एवढं सोयीचं माणूस शोधून सापडलं नसतं.

"पण किती दिवस?" मी विचारलं.

"वर्षभर ढकल," ज्येनबो म्हणाला. "पुढचं पुढे बघू."

पुढचं पुढे म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कळत होतं. सहाव्या दिवशी तो शेनझेनला निघून गेला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला बायको आहे, मुलगी आहे, नोकरी आहे. मला पाचवा मजला होता.

मी सासूबाईंना सांगितलं, तान ईशान्येला गेलाय, शनयांगला. तिकडे जुन्या घराण्यांकडे बिल्ले आहेत म्हणे. महिना लागेल, दोन लागतील. त्यांनी मान हलवली. त्यांचा मुलगा बिल्ल्यांसाठी घरदार सोडून गेला, यात त्यांना नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

दंडावरची सुतकाची काळी पट्टी मी तिसऱ्या मजल्यावरच्या मो ताईकडे ठेवायची. खाली उतरताना तिच्या चपलांच्या कपाटातून काढायची, दंडाला लावायची, बाजार करून येताना परत ठेवायची. म्हणजे रस्त्यावर मी विधवा होते आणि घरात सधवा. रस्त्यावरची माणसं हळहळायची, पण मुळे आणि कोथिंबीर हातात घेऊन कुणापुढे काय रडणार? आणि घरात आले की सासूबाई गॅलरीतून बघत बसलेल्या. दोन खोल्यांच्या घरात रडायला जागा नसते. मोरीत नळ सोडून बघितला, तर बाहेरून आवाज आला, "शूज्यू, किती पाणी सांडतेस?" तान फार चांगला नवरा होता असं नाही. पंचेचाळीस वर्षांत त्यानं माझ्याशी जेवढं बोलणं केलं त्याहून जास्त तो भिंगातून त्या ड्रॅगनांशी बोलला असेल. पण माझाच होता. मला त्याच्यासाठी एकदा, दार लावून, आवाज काढून रडायचं होतं. एवढंच मागणं होतं माझं, आणि तेवढंही मिळत नव्हतं.

चाळीस दिवस झाले आणि सासूबाईंनी खाणं सोडलं.

"कुत्र्या आल्यावर जेवेन," म्हणाल्या. मुलगा जगावा म्हणून लहानपणी त्याला कुत्र्या म्हणत, तेच त्यांच्या तोंडात राहिलं होतं.

"आई, तो कामात आहे."

"असू दे की. मी कुठं त्याचं काम अडवलंय? माझं जेवण अडवलंय."

पहिला दिवस पेज तशीच परत. दुसरा दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी त्यांचे ओठ पांढरे पडले. मी मोठ्या खोलीत गेले, कपाट उघडलं, त्यातला सगळ्यात लहान बिल्ला काढला आणि नववर्षातल्या उरलेल्या लाल कागदात गुंडाळला. तानसारखे हातमोजे घातले नाहीत. तेवढं एक सुख घेतलं.

"आई, हे बघा. ताननं पाठवलंय. खास तुमच्यासाठी. आत्ताच कुरियरवाला देऊन गेला."

त्यांनी कागद उलगडला. बिल्ला पालथा केला, सुलटा केला. ड्रॅगनवरून अंगठा फिरवला. त्यांच्या एका डोळ्याची नजर मोतीबिंदूनं गेलेली आहे, दुसऱ्या डोळ्याजवळ नेऊन खूप वेळ बघत राहिल्या. मग गालाला लावला.

"गार आहे," म्हणाल्या.

"हो."

"भात आण."

त्या दिवशी त्यांनी वाटीभर भात आणि अर्धा मासा खाल्ला आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग दर महिन्याला एक पाठवावा लागला, नववर्षाला एक जास्तीचा. पाठवणारी मी, घेऊन येणारी मी, आणि "बघा, विसरला नाही तुम्हाला" म्हणणारीही मीच. सासूबाईंनी बिल्ले बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. संध्याकाळी डबा मांडीवर घ्यायच्या, एकेक काढून मोजायच्या, परत ठेवायच्या. सम्राटाच्या जेवणाची गोष्ट त्यांनी माझ्याकडून चारदा ऐकली. चारही वेळा विचारलं, "हजारो म्हातारे, म्हणजे दात कुणालाच नसणार. भात मऊ केला होता का?"

"राजवाड्यातला भात होता आई. असणारच मऊ."

"राजवाड्यात तरुण आचारी असतात. त्यांना काय कळतंय?"

हे ठीक होतं. पण हळूहळू त्यांना मुलाचं कौतुक सुचायला लागलं. मो ताई वर आली की डबा उघडायच्या. "माझा कुत्र्या. हजार कोसांवरून आठवण ठेवतो. आणि ही घरात असून माझ्या शेवया कडक ठेवते." मो ताई माझ्याकडे बघायची, मी भिंतीकडे बघायची. जिवंत होता तेव्हा आईच्या वाढदिवसालाही बिल्ल्यांच्या बाजारात असायचा. पाय चेपले ते मी, जुलाब लागले तेव्हा धुतलं ते मी, आणि आता मेल्यावर तो माझ्या हातानं सुपुत्र होत होता. एकदा तर वाटलं, सांगून टाकावं ओरडून. मग त्यांची भाताची वाटी रिकामी दिसली आणि गप्प बसले.

नववर्षाच्या जेवणाला त्यांनी त्याची वाटी आणि काड्या मांडायला लावल्या. मी मांडल्या. ज्येनबो आला नाही, मुलीला गोवर आला होता. तीन वाट्या आणि दोन बायका. टीव्हीवरचं गाणं सासूबाईंनी मोठं करायला लावलं, नाहीतर घरात चावण्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

त्यानंतर क्वान आला. हा तानचा चांशाचा मित्र, त्याच वेडातला. ज्येनबोनं त्याला परस्पर कळवलं होतं की आम्हाला काही हे सांभाळता येणार नाही, येऊन बघा. पाचव्या मजल्यावर धापा टाकत त्यानं, "वहिनी, तानभाऊ असा अचानक—" एवढं म्हटलं आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. परपुरुषाच्या तोंडावर हात ठेवायची माझी ही पहिलीच वेळ.

"आत त्याच्या आई आहेत. त्यांना माहीत नाही."

"अरे देवा. मग मी कोण म्हणून येऊ?"

"मित्रच. फक्त मित्र जिवंत आहे असं वागा."

कपाट उघडलं. आत चार बिल्ले. क्वान मोजतच राहिला.

"बाकीचे सात?"

"आईंकडे."

"कशात ठेवलेत?"

"बिस्किटांच्या डब्यात."

तो खुर्चीवर बसला. "हातमोजे तरी घालतात ना?"

"नाही. आधी शेंगदाणे खातात, मग मोजतात."

"वहिनी, दोनशे वर्षांची झळाळी असते ती! माणसाच्या घामानं—" आणि एवढ्यात गॅलरीतून हाक आली.

"कोण आलंय? कुत्र्याचा दोस्त का?"

त्याला जावं लागलं. गेला, वाकला, आणि मी काही सांगायच्या आत थाप ठोकून मोकळा झाला. "काकू, तानभाऊ मजेत आहे. परवाच भेटला मला, क्वांगचौला."

"क्वांगचौ? ही तर शनयांग म्हणते."

"शनयांगच! म्हणजे शनयांगहून क्वांगचौला आला होता. परत गेला."

"एवढ्या लांब?"

"बिल्ल्यासाठी काय, काकू. तो काय लांब-जवळ बघतो?"

सासूबाईंनी मान डोलावली. "जाडा झालाय?"

"थोडासा."

"थंडीत कान झाकतो का? त्याचे कान लहानपणी फुटायचे."

"झाकतो की. मीच टोपी घेऊन दिली. कानाची. आत लोकर असलेली."

सासूबाईंनी त्याच्या ओंजळीत शेंगदाणे ओतले. तो माणूस जिन्यात आला आणि पायरीवर बसून रडला, शेंगदाणे मुठीत तसेच धरून. "वहिनी, तुम्ही हे रोज करता?"

"रोज."

"संच परत एकत्र झाला की कळवा," असं काहीतरी म्हणत त्यानं नाक पुसलं आणि चारची बस पकडायला गेला. मला त्याचा मत्सर वाटला. किती सोपं होतं त्याचं रडणं. आला, रडला, बस पकडली.

मार्चमध्ये आठवा बिल्ला दिला. कपाटात तीन उरले. मी हिशेब करत नव्हते, पण कपाटच माझ्याकडे बघायचं. एप्रिलच्या सुरुवातीला पितरांच्या कबरी झाडायचा दिवस आला. ज्येनबो म्हणाला, सुट्टी मिळत नाही, तू माझ्यातर्फे जा. मी सासूबाईंना सांगितलं, सणाच्या, दवण्यासारख्या पाल्याच्या हिरव्या वड्या आणायला जुन्या बाजारात जाते, गर्दी असेल, वेळ लागेल.

बसनं टेकडीवर गेले. पाऊस होता. तानच्या अस्थींवरचा दगड नवा आहे, त्यावर त्याच्या नावाशेजारी माझंही नाव कोरून ठेवलंय. जिवंत माणसाचं नाव लाल रंगवतात. मी गेल्यावर रंग बदलतील. मी झाडलं, मेलेल्यांसाठीचे कागदी पैसे जाळले, ओलाव्यानं निम्मे जळलेच नाहीत. शेजारच्या कबरीवर एक मोठं कुटुंब आलं होतं, पोरं संत्री सोलत होती. मी मनाशी म्हटलं, शूज्यू, आता रड. इथं कुणी ओळखीचं नाही, सासूबाई नाहीत, दोन तास तुझे आहेत. उभी राहिले. काहीच आलं नाही. आठ महिने दाबून दाबून ते कुठं गेलं कोण जाणे. पावसात लाल अक्षरं बघत उभी राहिले आणि वाटलं, यातली मेलेली नक्की कोण?

येताना वड्या घेतल्या. सासूबाईंनी एक खाल्ली, माझ्या बाहीजवळ नाक आणलं, आणि म्हणाल्या, "ओली झालीस. कपडे बदल."

रात्रीतून ताप भरला. दुसऱ्या दिवशी कशीबशी पेज केली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठताच येईना. मो ताई औषधाच्या गोळ्या देऊन गेली, त्या उलटून पडल्या. मी पडल्या पडल्या ऐकत होते: गॅलरीतून बांबूचं स्टूल सरकल्याचा आवाज. थोडा सरकायचा, थांबायचा. सासूबाई स्टूल पुढे ढकलत त्याच्या आधारानं चालतात. आवाज स्वयंपाकघराकडे गेला. दोन वर्षांत त्या तिकडे गेल्या नव्हत्या.

"आई! पडाल! काय हवंय ते मी देते!"

"तूच पडलीस. गप राहा."

गॅस पेटला. पाणी उकळलं. बऱ्याच वेळानं स्टूल माझ्या खोलीत आलं. त्यावर वाटीत उकडलेलं अंडं, गरम पाण्याचा थर्मास, एक मोठा रुमाल, आणि बिस्किटांचा डबा. त्या पलंगाच्या कडेला बसल्या, अंडं सोललं, पिवळं बाजूला काढून स्वतःच्याच तोंडात टाकलं. पांढरं वाफाळत रुमालात ठेवलं. मग डबा उघडून एक बिल्ला त्याला लावला आणि पुरचुंडी बांधली.

लहान मुलाला ताप आला की आमच्याकडे हेच करतात, गरम अंडं आणि चांदी अंगावरून फिरवतात. पण त्याला आजीची अंगठी घेतात नाहीतर एखादं जुनं नाणं. सम्राटाचा बिल्ला कुणी घेत नाही.

"आई, तो बिल्ला आहे! अंड्यानं काळा पडेल!" मीच हे म्हटलं, आणि मलाच वाटलं, तान बोलतोय.

"पडू दे. चांदी काळी पडायलाच असते. डोळे मीट."

कपाळावरून फिरवलं, मानेवरून फिरवलं, सदरा वर करून छातीवरून फिरवलं. त्या वयातही त्यांच्या हातात दाब चांगला होता. पाच जणांना मोठं केलेला हात, त्यातला शेवटचा उरलेला होता तान. मला माझ्या आईनं असं कधी केलं होतं ते आठवेना. पुरचुंडी गार झाली तशी त्यांनी ती सोडली आणि बिल्ला माझ्या डोळ्यांपुढे धरला. कुठला ड्रॅगन आणि कुठली अक्षरं. तव्याच्या बुडासारखा काळा झाला होता.

"बघ. एवढं काळं मी उभ्या जन्मात बघितलं नाही."

"पावसात भिजले, आई. गारठा बसला."

"गारठ्यानं निळसर होतं. हे आठ महिन्यांचं आहे."

त्यांनी अंड्याचं गार झालेलं पांढरं वाटीत ठेवलं आणि रुमाल झटकला.

"टेकडीवर गर्दी होती?" त्यांनी विचारलं. "तुझ्या बाहीला जळल्या कागदाचा वास होता."

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं. "परवा?"

"पहिला बिल्ला आणलास त्या दिवशी."

"माझ्या तोंडून काही गेलं का?"

"तुझ्या तोंडून काय जायचंय? अगं शूज्यू, माझा मुलगा जिवंत असताना मला त्या कपाटातलं काही पाठवेल? मला? बोट लावलं तर लोकांपुढे ओरडला होता. तू लाल कागद पुढे केलास, मी उलगडून बघितला आणि म्हटलं, गेला माझा कुत्र्या. जिवंत असता तर ही चांदी माझ्या हातात आलीच नसती."

मला तो दिवस आठवला. गालाला लावून त्या म्हणाल्या होत्या, गार आहे.

"आणि तुम्ही भात मागितलात!"

"मग काय करू? मीही उपाशी मेले असते तर तू कुणाशी बोलली असतीस? त्या दहा बिल्ल्यांशी?"

"मग ते टोमणे? तो चांदी पाठवतो आणि मी कडक शेवया—"

"शेवया तुझ्या कडकच असतात. त्यात खोटं काय?"

हसू आलं की काय ते कळलं नाही, घशातून काहीतरी निघालं आणि खोकला झाला. त्यांनी मला पाणी पाजलं. डब्यातून दुसरा बिल्ला काढला, पांढरं गरम पाण्यात बुडवून परत रुमालात बांधलं. "सांग आता. कसा गेला?"

मी सांगितलं. बसस्टँड, दवाखाना, चार दिवस. नळ्या किती होत्या तेही सांगितलं.

"शेवटी कुणाचं नाव घेतलं?"

"तुमचं."

"पालथी हो. खोटं बोललीस की ताप चढतो."

मी पालथी झाले. पाठीवर गरम पुरचुंडी आली.

"'आला का?' असं विचारत होता," मी म्हटलं. "सारखं तेच. मला वाटलं ज्येनबो. म्हटलं, विमानात बसलाय, येतोय. तर म्हणाला, ज्येनबो नाही गं, तो बिल्लेवाला. बसस्टँडवर भेटायचं ठरलं होतं ना, तो."

"आला होता?"

"नाही."

पाठीवरचा हात थांबला. "म्हणजे वाट बघत गेला. एकटा."

"मी होते ना, आई. चारही दिवस. हात धरून बसले होते."

"तू होतीस," सासूबाई म्हणाल्या. "पण ते त्याला कळलं असेल असं मला वाटत नाही."

हे मला कुणी म्हणालं नव्हतं. सगळे म्हणाले होते, नशीबवान, शेवटी बायको जवळ होती. मीही तेच म्हणत आले होते. पण त्या चार दिवसांत तानची नजर माझ्यावरून दाराकडे जायची ती मी बघितली होती, आणि त्याआधीची पंचेचाळीस वर्षंही बघितली होती. हे मला एकटीलाच ठाऊक आहे असं मी समजत होते. त्याच्या आईनं ते असं सरळ म्हटलं आणि माझ्या छातीत कुठंतरी घट्ट बसलेलं काहीतरी हललं.

पुरचुंडी पुन्हा फिरायला लागली, मानेपासून कमरेपर्यंत.

"आईनं मुलासाठी रडायचं नसतं," त्या म्हणाल्या. "पलीकडे त्याच्या वाटेवर चिखल होतो म्हणतात. मी आठ महिने टिपूस काढलेलं नाही. बायकोनं रडलेलं चालतं. तू रड, आणि माझ्या वाटचंही तूच रड. मोठ्यानं रड. मला ऐकू आलं पाहिजे."

मी उशीत तोंड घालून सुरुवात केली. त्यांनी उशी काढून घेतली.